जातो म्हणायची वेस

कुसरवाडीच्या वेशीवरची ही धर्मशाळा पाहून येणारा प्रत्येक जण विचारतो, छप्पर एवढं उभं का? तर ती बांधणारा माणूस फिनलंडचा, बर्फाच्या मुलखातला. छपरावर बर्फ साचला की घर दबतं, ही त्याची लहानपणापासूनची भीती. इथे बर्फ कुठला? पण हाताला वळण तेच.

नाव वैनो. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, “बाप्या माणूस, अन् नाव वैनी!” संस्थानच्या राजांनी त्याला बांधकामाला बोलावून आणलं, असं सांगतात. भाकरी मात्र गावातल्या सारजाक्काच्या चुलीवरची.

धर्मशाळा उभी राहिली. वैनोसाहेब टोपी काढून म्हणाला, “अक्का, मी जातो.”

“शिव शिव! जातो म्हणू नये रे. मेलेलं माणूस जातं. येतो म्हण.”

तो “येतो” म्हणाला आणि तिथेच अडकला.

त्याच्या घरची शिकवण अशी की दिलेला शब्द मोडायचा नाही. मुंबईच्या बंदरावर बोटीची शिडी चढला, अन् तसाच उतरला म्हणे. गावाला वाटलं, लळा लागला. “आलाच आहात तर शाळेचं बघा,” म्हणाले. शाळा झाली, मग नदीचा घाट, मग पूल. दर वेळी निघायचा, निरोपाला “येतो” म्हणायला लागायचं, की पुन्हा दारात हजर. तिकडे त्याच्या गावाच्या नगरभवनासाठी त्याचाच नकाशा पसंत पडला होता. इमारत दुसऱ्यानं बांधली. आईची दृष्टी गेली. इकडे याचे केस पिकले. बिचारा मुकाट्यानं दगड रचत राहिला.

शेवटी अक्कानेच विचारलं, “आई वाट बघतेय, अन् तू सारखा माघारी का फिरतोस रे?”

“तुम्हीच शब्द घेता, अक्का. येतो म्हण, म्हणता.”

अक्काने चुलीवरचा तवा उतरवला.

मग तिनेच त्याला इथे वेशीवर आणलं. “आता जातो म्हण.”

“मग मी मरेन ना?”

“तू कशाला मरतोस? तो अपशकुन टाक माझ्या पदरात.” तिने पदर पसरला.

“जातो,” तो म्हणाला.

“जा, बाळा.”

तो घरी पोचला. आईने चेहरा चाचपून ओळखला, म्हणतात. अक्का मात्र त्या साली संक्रांत पाहायला राहिली नाही.

आजही आमच्याकडे पाहुणा या वेशीवर “जातो” म्हणतो आणि घरातली वडील बाई पदर पुढे करते. तुम्हीही अडखळू नका. खुशाल जातो म्हणा. मी उभी आहे.