सारजेचा हिरवा

एका राज्यात हिरवा नव्हता, तांबडा नव्हता, पिवळाही नव्हता. झाडं करडी, फुलं करडी, नवरीचा शालूसुद्धा करडा. हे रंग काही आपोआप विटले नव्हते. ते चोरले होते, भरदिवसा, वाजतगाजत.

झालं असं. त्या राज्याची रीत होती की नवा राजा गादीवर बसला, की प्रत्येक घरातून एकाने येऊन राजवाड्याच्या भिंतीवर रंगाचा पंजा उमटवायचा आणि म्हणायचं, ‘आमचा हात, तुमचा शब्द.’ राजा वीरबाहूने न्यायाचा शब्द दिला. मग प्रधान भद्रमुखाने त्याला जादूचा विडा दिला आणि राजा झोपला तो झोपलाच. भद्रमुख मांत्रिक होता. त्याने भिंतीवर मंत्र टाकला: जोवर हे पंजे इथे आहेत, तोवर माझ्या प्रत्येक करणीला प्रजेची संमती. मग त्याने राज्यातले रंगच काढून घेतले. तांबडा सेनापतीला दिला, पिवळा राजपुरोहिताला, हिरवा स्वतःच्या पागोट्यासाठी ठेवला. लोक कुरकुरले, पण दिलेला हात परत घेणं तिथे पाप मानत. असल्या पापाची भीती नेहमी प्रजेलाच. चोरांना कधी वाटली आहे?

त्या राज्यात हेमकला नावाची बाई लाकडी खेळणी करून रंगवी, आता नुसती करडी. तिची मुलगी सारजा सात वर्षांची. तिने जन्मात रंग पाहिला नव्हता. हेमकला तिला सांगे, “कैरीला दात लावला की अंगभर शिरशिरी येते ना, तो हिरवा. मी रागावते आणि मग जवळ घेते, तेव्हा तुझे गाल तापतात, तो तांबडा. पुरण शिजताना घरभर वास सुटतो, तो पिवळा.” सारजा डोळे मिटून रंग बघे.

एक दिवस तिने डोळे मिटलेच नाहीत. “आई, तू गोष्टी रचतेस. हिरवा नसतोच.”

हेमकलेच्या हातातला कुंचला गळून पडला. रंग नेले ते नेले, आता पोरीच्या मनातली त्यांची जागाही नेली मेल्यांनी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फळीवर तिनेच कधीकाळी हिरवा रंगवलेला लाकडी पोपट होता. तो म्हणाला, “ऊठ. वाड्याला तीन दारं आहेत. पहिलं भीती मागेल, दुसरं लाच, तिसरं लोभ. काही देऊ नकोस. आणि आत गेलीस की स्वतःचा हात शोध.”

हेमकला निघाली. पहिल्या दारी पहारेकऱ्याने भाला रोखला. “म्हण, राज्यात सगळं आलबेल आहे.”

“नाही म्हणणार. माझ्या मुलीला कैरी करडी दिसते.”

दार उघडलं. ती दारं जुन्या राजाच्या वेळची होती. त्यांना अजून लाज होती.

दुसऱ्या दारी कारभारी बसला होता. “नजराणा?”

“काय देऊ? माझ्या डब्यांतले रंग तुमच्याच घरी गेलेत.”

तेही दार उघडलं. तिसऱ्या दारी खुद्द भद्रमुख उभा होता, डोक्याला हिरवंगार पागोटं. सात वर्षांनी तो रंग पाहून हेमकलेचे डोळे भरून आले, आणि त्याच्यासमोर भरून आले म्हणून तिला स्वतःचाच संताप आला.

“हेमकले, तू कलावंत,” भद्रमुखाने एक चिमुकली कुपी पुढे केली. “तुला कारभाराशी काय करायचंय? हा घे, तुझ्या मुलीपुरता हिरवा. घरी जा.”

खोटं कशाला सांगू, तिने हात पुढे केला. मग तिच्या डोळ्यांपुढे सारजा आली. एकटीच पोर अंगणात ओरडतेय, ‘बघा, हिरवा!’ आणि भोवतालची मुलं तिला वेडी म्हणताहेत.

“एकटीने पाहिलेला हिरवा ती दाखवील कुणाला?” तिने हात मागे घेतला. दार उघडलं.

आत चौकात ती भिंत होती. पंजा उमटवल्यापासून हेमकलेने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांसाठी रंग कालवले होते तिनेच, केवढ्या कौतुकाने! स्वतःचा पंजा तिला लगेच सापडला; खेळणी कोरताना पटाशी लागून तिचा अंगठा वाकडा झाला होता. तिने हौदात पदर भिजवला.

“पाप लागेल!” भद्रमुख ओरडला.

“शब्द मोडणाऱ्याला आधी लागू दे.”

तिने पंजा घासून पुसला. चौकातल्या कडुनिंबाचं एक पान हिरवं झालं. एकच.

भद्रमुख हसला. “एवढ्यासाठी आलीस? एक पान?”

“एका हाताचं एक पान,” मागून कुणीतरी म्हणालं. तो पहारेकरी होता. भाला खाली ठेवून तो भिंतीवर आपला पंजा शोधत होता. त्याच्यामागून मान खाली घालून कारभारी आला. मग हिरव्या पानाची बातमी ऐकून उघड्या दारांतून गाव लोटलं, कुणी घागर घेऊन, कुणी ओलं फडकं घेऊन. मेलेल्यांचे पंजे त्यांच्या लेकींनी पुसले. झाड भरत गेलं आणि भद्रमुखाचं पागोटं उडत्या राखेसारखं करडं होत गेलं. शेवटचा पंजा पुसला, तशी भद्रमुखाची सगळी जादू उतरली आणि राजा जागा झाला.

“माझी भिंत उघडी कुणी केली?”

“आम्ही, महाराज,” हेमकला म्हणाली. “शब्द पाळा, हात परत मिळतील.”

राजाने मान लववली. भद्रमुखाला त्याने भिंतीपाशी रंग खलायला बसवलं, जन्मभर. तेव्हापासून त्या राज्यात हात एका वर्षापुरताच देतात, आणि वर्ष संपलं की भिंत धुऊन राजाला जाब विचारतात.

हेमकला घरी आली. सारजा ओसरीवर लाकडी पोपट मांडीवर घेऊन बसली होती. तिने तो उलटा केला, सुलटा केला, कितीतरी वेळ पाहिला. हेमकलेच्या जिवात जीव नव्हता.

एकदम सारजेच्या अंगावर शिरशिरी आली. तिने गालावर हात दाबला.

“आई,” ती म्हणाली, “नुसतं बघूनच दात आंबले!”