वळणावरची हाक

कोणत्या राजाच्या काळात घडली ते आता कोणी सांगू शकत नाही, इतकी जुनी ही गोष्ट.

एका वाळवंटात लाल दगडाची एक खोल घळ होती. इतकी अरुंद, की हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकत. भिंतींवर लुगड्याच्या निऱ्यांसारख्या लाटा, आणि दुपारी वरून उन्हाची एकच तिरीप आत उतरे. ती बघायला दूरदेशीचे लोक येत. त्यांना आत नेणारा वाटाड्या तरुण होता. त्याची थोरली बहीण वर कड्यावर शेळ्या राखत असे.

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. घळीच्या मधल्या वळणावर सगळ्यांनी तोंड मिटून उभं राहायचं. बहिणीने दूरच्या डोंगरांकडे बघून वरून हाक द्यायची. ‘या’ म्हणाली तर पुढे जायचं, ‘फिरा’ म्हणाली तर मागे पळत सुटायचं. कारण पाऊस पडे डोंगरावर आणि पाणी येई घळीतून.

पण पाहुण्यांना ते गप्प उभं राहणं रुचेना. “एवढ्या लांबून काय मुकाट उभं राहायला आलो?” एक जण म्हणाला. वाटाड्या ओशाळला. त्याने वळणावर एक गमतीची गोष्ट सांगितली, लोक हसले. दुसऱ्या दिवशी त्याने गाणं म्हटलं. भिंतींनी ते घुमवलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. झालं! त्या टाळ्या स्वारीच्या डोक्यात गेल्या.

“अरे, माझी हाक ऐकू येते ना तुला?” बहिणीने विचारलं.

“ताई, तू रोज ‘या’च म्हणतेस. त्यात ऐकायचं काय?”

तिला लागलं ते. तरी ती रोज कड्यावर जात राहिली, रोज हाक देत राहिली.

एके दिवशी घळीवर आभाळ निरभ्र होतं, डोंगर मात्र काळे पडले होते. ती जिवाच्या आकांताने ओरडली, “फिरा! फिरा!” खाली गाणं रंगात आलं होतं. कोणी मान वर केली नाही. मग ती हातपाय सोलवटून घेत कड्यावरून खाली उतरली.

तिला समोर बघताच त्याने गाणं थांबवलं. तिने एकेकाला ढकलून उंच कपारीवर चढवलं, शेवटी भावाला चढवलं. त्याने तिच्यासाठी हात खाली केला, तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला. तिचा हात त्याच्या हातात आलाच नाही.

वाचलेले पाहुणे गावभर सांगत सुटले, “काय वाटाड्या आहे! पुरातून सुखरूप आणलं आम्हाला!” राजाने त्याच्या खांद्यावर शेला घातला. तो शेला त्याने घळीच्या तोंडाशी टाकला आणि बहिणीच्या शेळ्या घेऊन कड्यावर जाऊन बसला.

आता तो डोंगरांकडे बघून हाक देई. खाली दुसरा वाटाड्या आला होता. वळणावर थांबून तो बुडालेल्या बहिणीची गोष्ट मोठी रंगवून सांगे. लोक डोळे पुसत, टाळ्या वाजवत. वरची हाक कोणालाच ऐकू येत नसे.

लहानांनो, मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: टाळ्यांसाठी जो दुसऱ्याची हाक ऐकत नाही, त्याच्या हाकेलाही एक दिवस कोणी ओ देत नाही.