शेल्यावरची हळद

कपडे धुणे म्हणजे डाग काढणे, असा एक समज आपल्या मनात पक्का बसलेला असतो. ज्याने ओले रेशीम कधी हातात धरलेले नाही, त्याचा तर हमखास.

एकदा एका नदीकाठच्या नगरात असाच समज बाळगणारा एक तरुण एका वृद्ध परिटाकडे धुण्याची विद्या शिकत होता. त्याचे नाव रखमाजी. अंगाने दणकट आणि कामाला वाघ. घोंगड्या आणि सतरंज्या तो दगडावर अशा आपटी की पैलतीरापर्यंत आवाज जाई. पण तीन वर्षे झाली तरी गुरूंनी त्याच्या हाती रेशीम दिले नव्हते. मागितले की ते म्हणत, "अजून नाही." रखमाजीच्या मनात हे सलत असे. खरे सांगायचे तर मला त्याचा राग येत नाही. तीन वर्षे नुसत्या घोंगड्या आपटणाऱ्याला तसे वाटणारच.

एके दिवशी सकाळी नगरातले एक व्यापारी धापा टाकत घाटावर आले. डोक्यावर पगडी नाही, पायात वहाणा नाहीत. छातीशी एक गाठोडे घट्ट धरलेले.

"परीटबाबा कुठे आहेत?"

"आत्ताच नावेत बसले. पलीकडे रिठे आणायला गेलेत, शेठजी. यायला दुपार होईल."

शेठजी मटकन पायरीवर बसले. त्यांनी गाठोडे उघडले. आत दुधी रंगाचा, जरीच्या काठांचा रेशमी शेला होता आणि त्याच्या मधोमध तळहाताएवढा हळदीचा पिवळाधमक डाग.

"आज माझ्या लेकीचं लग्न आहे, उशिरा झालेली एकुलती पोर. गोरज मुहूर्त," शेठजी म्हणाले. "तिची आई आठ वर्षांपूर्वी गेली. हा तिच्या लग्नातला शेला. सकाळी हळद लागताना पोरीला आईची आठवण आली. तिने शेला काढून उराशी धरला, तशीच, हळदीच्या अंगाने. आता रडतेय. म्हणते, आईचा शेला खांद्यावर नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. हळद लागलेल्या मुलीला उंबरठा ओलांडता येत नाही, म्हणून मीच पळत आलो."

दुपारपर्यंत थांबा, असे रखमाजीने म्हणायला हवे होते. तो म्हणाला, "द्या इकडे. माझ्या हाताखालून आजवर एक डाग सुटलेला नाही."

गुरूंची एक रीत होती. कापड नाजूक असले की ते आधी त्याची आतली दुमड उलगडत, तिथे रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब लावत आणि स्वस्थ बसून राहत. रंग सुटतो का, सूत फुगते का, हे पाहत. रखमाजीने ही रीत शंभर वेळा पाहिली होती आणि शंभरही वेळा त्याला वाटले होते की म्हातारपणामुळे बाबांचे काम संथ झाले आहे. त्याने दुमड उलगडली नाही. घोंगड्यांचा मळ काढायला ठेवलेला जहाल खार मुठीत घेतला आणि थेट डागावर टाकला.

क्षणात डाग लाल झाला. नुसता लाल नव्हे, रक्तासारखा.

"अरे देवा!" शेठजी ओरडले. "हे काय केलंस?"

रखमाजी घाबरला. आणि घाबरलेला माणूस जे करतो, तेच त्याने केले: जोर वाढवला. दोन्ही अंगठ्यांनी तो डाग चोळू लागला. तिसऱ्यांदा चोळताना अंगठ्याखालचे सूत सरकले. त्याने शेला वर धरला. तिळाएवढ्या जागेतले धागे विरळ होऊन त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"हात काढ!"

गुरू पायऱ्या चढून येत होते. घाटाकडे धावणारे शेठजी त्यांना नावेतून दिसले होते, म्हणून त्यांनी नाव अर्ध्यातूनच वळवायला लावली होती. त्यांनी शेल्याकडे पाहिले, मग रखमाजीच्या तोंडाकडे. रागावले नाहीत. दोन वाट्या काठोकाठ पाण्याने भरून त्यांनी रखमाजीच्या दोन्ही हातांत दिल्या.

"इथे उभा राहा. मी सांगेपर्यंत एक थेंबही सांडायचा नाही."

"बाबा, आधी डाग..."

"थेंब सांडायचा नाही."

शेठजींचा तोल गेला. "माझ्या मुलीचं लग्न आहे आज! आणि तुम्ही याला वाट्या धरायला लावता?"

गुरूंनी परातीत स्वच्छ पाणी घेतले, शेला दोन्ही तळव्यांवर झोळीसारखा पेलून त्यात अलगद सोडला. मग त्यांनी हात बाहेर काढले आणि ते बसून राहिले. पाणी बदलले, पुन्हा बसले. तिसऱ्या पाण्याला लाली ओसरू लागली. चौथ्यात लिंबाचे चार थेंब पिळले, तसा डाग पुन्हा नुसता पिवळा झाला.

"हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे घराघरांत ठाऊक आहे," ते जणू परातीलाच म्हणाले. "खारानेही तेच होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं."

ऊन तापले होते. त्यांनी शेला न पिळता पंच्यात गुंडाळून पाणी टिपून घेतले, मग खाटेवर पसरला आणि त्यावर सगळीकडे ओले पंचे झाकले. उघडा ठेवला तो फक्त डाग. उन्हाने हळद उडते, पण उन्हानेच रेशीम कडक होते. म्हणून ऊन डागापुरतेच. पंचा सुकला की ते तो पुन्हा ओला करीत. रखमाजीचे हात शिवशिवत होते, पण वाट्या भरलेल्या होत्या. शेठजी कधी सूर्याकडे बघत, कधी शेल्याकडे.

दुपार कलली. डाग फिका झाला, आणखी फिका झाला. शेवटी हळदीची एक अस्पष्ट सावली तेवढी उरली. गुरूंनी शेला उचलला.

"झालं. वाट्या खाली ठेव."

"बाबा, अजून दिसतोय!" रखमाजी कळवळून म्हणाला. "एकदाच हलक्या हाताने..."

"नाही."

"माझी पोर हे बघून काय म्हणेल?" शेठजींनी विचारले.

गुरूंनी शेल्याचे एक टोक उलटले आणि काठाजवळची दुमड उघडली. तिथे बोटाएवढा, अगदी फिका, जुना पिवळा ठसा होता.

"शेठजी, ही तुमच्या पत्नीची हळद. चाळीस वर्षांपूर्वी, तुमच्या लग्नानंतर, हा शेला याच घाटावर आला होता. तेव्हा माझेही हात याच्यासारखेच होते. हा ठसा गेला नाही म्हणून मी हट्टाला पेटलो होतो. माझ्या गुरूंनी माझ्या हातांत वाट्या दिल्या." ते रखमाजीकडे वळले. "डाग काढायला बसलं की कापड दिसेनासं होतं, रखमाजी. ओलं रेशीम जोर सोसत नाही. त्या दिवशी आणखी चोळलं असतं, तर डाग गेला असता आणि शेलाही. तो थोडा राहू दिला, म्हणून आज एका लेकीला आईचा शेला मिळतोय. तुझ्या हातांत ताकद आहे, पण थांबणं त्यांना अजून ठाऊक नाही. म्हणून 'अजून नाही' म्हणत होतो."

शेठजींनी त्या जुन्या ठशावर बोट ठेवले. "इतकी वर्षं पेटीत होता," ते म्हणाले, "मला कधी दिसलाच नाही." आणि ते रडू लागले.

त्या संध्याकाळी नवरी बोहल्यावर चढली तेव्हा शेला तिच्या खांद्यावर होता. दुमड उघडून तिने आईची हळद वरच्या बाजूला घेतली होती, आणि आपली तिच्याशेजारी.

पुढच्या आठवड्यात एक रेशमी लुगडे घाटावर आले. गुरूंनी ते रखमाजीपुढे ठेवले. त्याने हात धुतले, आतली दुमड उलगडली, एक थेंब लावला आणि दोन वाट्या भरून स्वतःच हातांत घेऊन बसला.

घरातल्या कोणाचा दोष धुऊन काढायला आपले हात शिवशिवू लागले, तर आधी त्या हातांत दोन भरलेल्या वाट्या घ्याव्यात.