आठ पाकिटं

"पण आक्का, महिन्याभरात तुपाला वास येणार असेल, तर हा लाडू पुण्याला पाठवायचा कसा?"

केतकीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळा आवडाक्का नाचणी भाजत होत्या. आताही नाचणीच भाजत होत्या.

टेकडीवरच्या त्या मठातून कुणी रिकाम्या हाताने उतरत नसे. निघताना शिदोरी मिळे, नाचणीच्या लाडवांची. नाचणी, गूळ, तूप. चौथी वस्तू नाही. चाळीस वर्षं ती आक्काच बांधत आल्या होत्या.

केतकी फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली शिकायला आली, आणि आल्या दिवसापासून शिकवतच होती.

आता पुण्याच्या एका दुकानदाराने लाडू मागवले होते. अट एकच, तीन महिने टिकले पाहिजेत.

केतकीने लगेच कृती बदलली. तुपाच्या जागी पामतेल, गुळाच्या जागी ग्लुकोजचा पाक, आणि टिकण्यासाठी चिमूटभर पांढरी पूड.

"माझा लाडू टिकेल, आक्का. तुमचा नाही टिकणार. आणि माझा टिकला, तर मठाच्या शिदोरीतही माझाच जाईल. कबूल?"

"कबूल."

केतकी चपापली. म्हातारी माणसं इतक्या चटकन ऐकत नाहीत, हा तिचा अनुभव होता.

"असं कसं... कबूल?"

"आठ पाकिटं तुझी भर, आठ माझी. दोन डबे कर. चाळीस दिवसांनी उघडू."

केतकीने मन लावून एकेका पाकिटात एकेक लाडू भरला. एका डब्यावर लिहिलं 'जुना', दुसऱ्यावर 'नवा'. डबे फळीवर ठेवले आणि सगळ्यांना दम भरला, "कुणी हात लावायचा नाही. प्रयोग आहे हा!"

"बरं बाई," मठाचं दळण आणणारी शेवंता म्हणाली.

"आम्हाला काय करायचंय?" असं म्हणून भजनात साथ करणारा गुंडाप्पा पखवाजाला कणीक लावत बसला.

चाळिसाव्या दिवशी सकाळी सगळे फळीपुढे जमले. केतकीने आधी 'नवा' उघडला. आठच्या आठ पाकिटं. एक फोडून हुंगलं. वास नाही, बुरशी नाही.

"बघा!"

"झकास," आक्का म्हणाल्या.

मग तिने 'जुना' उघडला.

...

डबा रिकामा होता.

"कुणी खाल्ले?" केतकीचा आवाज चढला. "एवढं बजावून सांगितलं होतं! शेवंताकाकू?"

"दोनच गं. दळण आणून दमले होते. म्हटलं, सहा उरतात की तुझ्या प्रयोगाला."

"गुंडाप्पा?"

"एकादशी सुटली होती, ताई..."

"एकच?"

"तीन एकादश्या सुटल्या."

शेवंता पदर तोंडाला लावून हसायला लागली. केतकीला हसू येत नव्हतं. निदान तिने येऊ दिलं नाही.

"पाच झाले. उरलेले तीन?"

"दोन माझे," आक्का म्हणाल्या. "पहिला तू डबा ठेवलास त्याच दिवशी."

"आक्का! तुम्हीसुद्धा?"

"चांगला झाला होता. तूच वळला होतास."

"आणि आठवा?"

गुंडाप्पाने छताकडे पाहिलं. शेवंताने आक्कांकडे. आक्कांनी केतकीकडे.

केतकीचे कान तापले.

पाचव्या दिवशी ती गावातून उन्हात चढून आली होती. जेवणं आटोपली होती. एक पाकीट गेल्याने प्रयोगाला काय होतंय, असा हिशेब तिनेच केला होता.

"...माझा," ती म्हणाली.

"डबे शेजारी शेजारी होते," आक्का हळूच म्हणाल्या.

केतकीने नव्या डब्याकडे पाहिलं. आठ पाकिटं, एकसारखी, नीटनेटकी. त्यांच्याकडे तिचा हात गेला नव्हता. मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग ती फिसकन हसली. गुंडाप्पा हसला, शेवंता तर खालीच बसली. स्वयंपाकघर दणाणून गेलं.

हसणं ओसरल्यावर केतकीने कढई चुलीवर चढवली, त्यात नाचणी ओतली, आणि एकदम तिचा हात थांबला.

"पण आक्का, पुण्याला काय लिहू? आपला लाडू किती दिवस टिकतो?"

आक्कांनी उलथनं तिच्या हातात दिलं.

"खरं तेच लिही. अजून कुणी शिल्लक ठेवून बघितलेला नाही."