न कुरकुरणारा पिकअप

गाड्यांना अजून बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. भामाक्काच्या अंगणात दोन पिकअप होते, एक म्हातारा आणि दुसरी नवी. त्यातल्या नवीचं तेल जरा कमी झालं, की तिचा लाल दिवा लागायचा आणि भामाक्का लगेच तेल भरायची.

"झालं सुरू रडगाणं!" म्हातारा पिकअप म्हणायचा. "वीस वर्षांत मी एकदाही कुरकुरलो नाही."

त्याचंही तेल गळत होतं, पण तो गप्प सोसत होता. भामाक्का त्याचं बॉनेट कधी उघडायचीच नाही, फक्त त्यावर हार घालायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोघे बाजारासाठी झेंडू घेऊन घाट चढत होते. अर्ध्यावर म्हाताऱ्याचं इंजिन कायमचं जाम झालं. बाजार हुकू नये म्हणून नवी त्याला दोराने ओढू लागली.

"हळू गं पोरी, दुखतंय," तो कण्हला.

"आजोबा," ती म्हणाली, "एवढंच आधी बोलायचं होतं."