चष्म्यातलं दार

मंगळवार, सकाळी साडेअकरा. पुण्यातलं एक रुग्णालय, दुसरा मजला, पडदे ओढलेली खोली.

"मग चूक कुणाची, बाई? माझ्या यंत्राची, की तिची?" निनाद रेगे विचारत होता.

बाई म्हणजे डॉ. शरयू खानोलकर, मनोविकारतज्ज्ञ, वय अठ्ठ्याहत्तर. निनाद त्यांचा विद्यार्थी. आभासी जगात नेणारा व्हीआरचा चष्मा इथे त्यानेच आणला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नव्हता.

'ती' म्हणजे समोरच्या खुर्चीत बसलेली ओवी. एकोणीस वर्षांची. मल्लखांबाच्या मनोऱ्यात सर्वांत वर चढायची. "वरची मुलगी हलकीच हवी," असं तिला शाळेत असताना सांगितलं गेलं. तिनं ते ऐकलं... इतकं, की आता घास गिळवत नव्हता.

चष्म्यात एक शरीर दिसतं. हातातली कळ दाबून ते आपल्याएवढं करायचं. ओवीनं ते स्वतःच्या दुप्पट केलं होतं.

"फोटो दाखवले, मापं दाखवली," निनाद म्हणाला. "मानतच नाही. आजचं ताटही परत पाठवलं."

बाईंनी चष्मा त्याच्यापुढे धरला.

"घाल."

"मी?"

"तिनं केलंय ते शरीर तसंच ठेव. आणि घाल."

"अहो बाई, हे सगळं मीच बनवलंय. मला त्यात काय नवीन दिसणार?"

बाईंनी चष्मा तसाच पुढे धरून ठेवला.

निनादनं चष्मा घातला. खाली पोटाकडे पाहिलं. मग हातांकडे. चार पावलं चालला. चष्म्यातल्या खोलीला एक दार होतं. त्यानेच बनवलेलं, चांगलं ऐसपैस.

त्या दारातून तो अंग चोरून, तिरका होऊन गेला.

खुर्चीतली ओवी खुदकन हसली.

"सर, मी रोज प्रत्येक दारातून अश्शीच जाते. घरचे म्हणतात, नाटकं करते."

निनादनं चष्मा काढला.

"रोज... एवढं?"

"रोज." मग हळूच, "थँक्यू सर. आजवर हे कुणाला दिसलंच नव्हतं."

नव्या यंत्रांच्या उद्घाटनांवर मी माझ्या लेखांतून आयुष्यभर तोंडसुख घेतलं आहे. पुढेही घेईन, फिती कापणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. पण त्या दिवशी त्या चष्म्याला हात जोडावेसे वाटले. आणि तो पुढे धरणाऱ्या हाताला तर नक्कीच.

निनादनं ताट परत मागवलं. शेजारी बसून स्वतःचा डबा उघडला.

ओवीनं वरणभाताचा एक घास घेतला. बराच वेळ चावला. गिळला. मग आणखी एक...

निनादचे डोळे भरून आले. तो बाईंच्या पाया पडायला वाकला.

"कळलं बाई. आता सगळं कळलं."

बाईंनी पाय मागे घेतले.

"तिच्या जागी मनोऱ्यावर आता कुठली मुलगी चढते रे?"