एकही कडी वाजली नाही

"मग सांगा ना भंतेजी, यात आता कमी काय राहिलंय?"

सुमेधनं पुन्हा तेच विचारलं आणि बुद्धमूर्तीपुढची शिळी फुलं बाजूला सारून आपला मोबाइल तिथं ठेवला. म्हातारे भंतेजी फाटलेलं चीवर शिवत बसले होते. त्यांनी सुईवरची नजर काढली नाही.

सुमेध याच गल्लीतला. या विहारातच वंदना शिकला, पाढे शिकला, मग पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला. त्यानं गल्लीसाठी अॅप बनवलं होतं. नगरपालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. आता व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसानं बटण दाबलं की घरोघरचे फोन वाजायचे. उद्या हेच अॅप सगळ्या शहराला मिळणार होतं. त्याआधी भंतेजींनी एकदा 'छान' म्हणावं, एवढंच पोराला हवं होतं.

"पूर्वी काय तमाशा असायचा," सुमेध म्हणाला. "ज्याच्या नळाला आधी पाणी, त्यानं शेजारच्याची कडी वाजवायची. शेजारच्यानं पुढच्याची. अगदी शेवटच्या घरापर्यंत नुसता खणखणाट."

"हं."

"आणि काल संध्याकाळी? सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सगळ्यांनी पाणी भरलं. एकही कडी वाजली नाही, भंतेजी."

सुई थांबली.

"एकही नाही?"

"एकही नाही."

भंतेजी त्या शिळ्या फुलांकडे बघत राहिले...

"गयाबाई आज फुलं घेऊन आली नाही," ते म्हणाले.

"येतील की. त्यांनाही फोन दिलाय मी. स्वतः शेजारी बसून शिकवलंय."

भंतेजी उठले आणि अनवाणीच चालू लागले. सुमेध मागोमाग निघाला, पण मनातून पार फुगला होता. आपण विचारतोय काय, आणि हे निघालेत कुठं?

गयाबाई शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. अंगणातल्या नळाखाली हंडा कोरडा ठाक होता.

शेजारच्या पारूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कोणाच्या घरी कसली फोडणी पडली हेही या बाईला आपल्या ओट्यावरून कळायचं.

"काल तिचा फोन वाजला की," त्या म्हणाल्या. "भिंतीतून ऐकला मी. म्हटलं, कळलं असंल तिला."

भंतेजींनी कडी वाजवली.

आतून कण्हल्यासारखा आवाज आला...

दार नुसतं लोटलेलं होतं.

गयाबाई मोरीपाशी आडव्या पडल्या होत्या. एक पाय भलताच वळलेला, ओठ सुकून पांढरेफटक. फोन वर फडताळात होता.

सुमेधनं चौकट धरली.

"अगं, कधी पडलीस?" पारूबाई खाली बसत म्हणाल्या.

"काल... दुपारी." दोन घोट पाणी पोटात गेल्यावर गयाबाईंना बोलता आलं. "मग फोन वाजला. म्हटलं, पाणी आलं. आता कोणीतरी कडी वाजवंल, मग हाक मारीन..."

सुमेधनं फडताळातला फोन खाली काढला.

"फोन चांगलाय हां तुझा, सुमेध," गयाबाई म्हणाल्या. "मोरीतूनबी ऐकू येतो."

रिक्षा आली. पारूबाई गयाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात गेल्या. जाताना त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. गल्लीनं असं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी निरोप आला. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जिवाला धोका नव्हता.

सुमेध विहारातच बसून होता. निरोप ऐकला तेव्हा त्यानं फोन हातात घेतला.

"पुसून टाकतो सगळं," तो म्हणाला. "उद्या जमणार नाही म्हणून कळवतो."

भंतेजींनी त्याचं मनगट धरलं.

"पाणी आल्याचं कळायला नको?"

"मग काय करू, भंतेजी?"

भंतेजींनी मूर्तीपुढची शिळी फुलं ओंजळीत गोळा केली आणि ते दाराकडे निघाले. उंबऱ्यापाशी थांबले...

"वाजू दे," ते म्हणाले. "पण पहिल्या एकाच घरात."